अडतीस पळांचा फरक

कोल्लम वर्ष ६८७, तूळ २६

मान दुखते. आज अकरा ताडपत्रं कोरली, त्यातली चार वाया गेली. लोखंडी लेखणी जरा जास्त दाबली की पान उभं चिरतं, आणि चिरलेल्या पानावर चंद्राचे आकडे लिहिलेले तिरुमेनींना चालत नाहीत. ही वाया गेलेली पानं मी घरी आणतो. आजपासून त्यांच्या कोऱ्या बाजूवर माझं रडगाणं लिहायचं ठरवलंय. बावीस वर्षं दुसऱ्याचं लिहिलं, आता वय सत्तेचाळीस. थोडं स्वतःचं लिहिलं म्हणून काही बिघडत नाही.

तिरुमेनी म्हणजे ऐनिकाट इल्लमचे, म्हणजे त्या नंपूतिरी वाड्याचे, जातवेदन नंपूतिरी. आम्ही देवळाची फुलं-माळा करणारे वारियर लोक सगळ्याच नंपूतिरी ब्राह्मणांना तिरुमेनी म्हणतो, पण या पानांत तिरुमेनी म्हणजे फक्त तेच. वय शहात्तर. डोळे गेल्या ग्रहणानंतर पुरते गेले, त्याआधी बारा वर्षं अर्धे होते. छातीत कफ घरघरतो. एक आकडा सांगतात, खोकतात, मग पुढचा सांगतात. शिष्य बरेच आले. मुंजीचे आणि लग्नाचे मुहूर्त काढण्याइतकं शिकले आणि आपापल्या गावी गेले. उरलो मी.

एक्केचाळीस वर्षं तिरुमेनी नीळा नदीच्या वाळवंटात बसून ग्रहणं टिपतायत. सूर्य मावळल्यापासून घटिका मोजायच्या आणि चंद्राला काळी कड लागली की ती वेळ लिहायची, एवढंच काम. एवढंच म्हणत जन्म गेला. पहिली एकोणीस वर्षं घटिकापात्र माझ्या मामाच्या हाती होतं, नंतर माझ्या. तळाला भोक असलेलं हे पात्र पाण्यावर सोडलं की भरून बुडतं ती एक घटिका, म्हणजे साठ पळं. मामा होता तोवर ग्रहणं जुन्या गणिताबरहुकूम लागायची. मी आलो आणि चंद्र मागे पडायला लागला. आधी चार पळं, मग दहा, मग वीस. गेल्या महिन्यातलं ग्रहण सूर्यास्तानंतर आठ घटिकांनी लागायचं, ते आठ घटिका अडतीस पळांनी लागलं. या सगळ्यावरून तिरुमेनींनी चंद्राची नवी गती काढली, तीच या ग्रंथात आहे. चंद्र माझ्या डोळ्यांदेखत म्हातारा झाला, हे मी गावात चारचौघांना ऐकवून झालंय.

मकर १२ ला तिरुप्पनूरच्या देवळात विद्वानांची सभा आहे. ग्रंथ मान्य झाला की येत्या मेषापासून आमच्या मुलखातले सगळे उत्सव, श्राद्धं, लग्नाच्या वेळा या नव्या गतीवर निघतील. मान्य होणारच असं लोक म्हणतात. फक्त नदीपलीकडचे पुलिमुखचे भट्टतिरी तोंड वाकडं करतात. तिरुमेनींना दुसरं काहीही नको आहे. "मकर बारापर्यंत श्वास पुरव, एवढंच मागतो देवाकडे," म्हणतात.

वृश्चिक १

सभेत घटिकापात्र मांडायचं असं तिरुमेनींनी ठरवलंय. म्हणून आज पेटीतून काढून घासलं. एरवी ते ग्रहणाशिवाय बाहेर येत नाही. ग्रहणाआधी एकदा घासायचं, ग्रहण सुटलं की विटाळ जायला पुन्हा घासायचं, मग रेशमात गुंडाळून पेटीत. चिंच, राख आणि नीळेची बारीक वाळू. तळाचं भोक सगळ्यात जपायचं, तिथे हिरवा गंज धरतो. काथ्याचा दोरा चिंचेत बुडवतो, वाळूत लोळवतो, भोकातून घालतो आणि दोन्ही बाजूंनी शंभर वेळा ओढतो. मामा यातलं काही करायचा नाही. पात्र नदीत बुचकळलं की झालं त्याचं शुद्धीकरण. घाणेरडा माणूस होता, देव त्याचं भलं करो.

ओप्पोळ, माझी थोरली बहीण, पडवीत देवासाठी तुळशीच्या माळा ओवत बसली होती. घर तिचं, मी तिच्या घरातला बिनकामाचा भाऊ.

"स्वतःचा कंजीचा वाडगा विसळलायस का रे कधी, शूला?"

"वाडग्यावरून कोणी चंद्र मोजत नाही."

"आणि वाटीवरून मोजतात?"

"घटिकापात्र म्हण."

"वाटीच ती. बुडाला भोक असलेली. बावीस वर्षं खरवडतोयस, अजून शिल्लक कशी राहिली कोण जाणे."

बायकांशी शास्त्राचं बोलू नये. संध्याकाळी पात्र तिरुमेनींच्या हातात दिलं. त्यांनी त्यावरून अंगठा फिरवला.

"लख्ख आहे ना रे, वारियरा?"

"माझ्या मिशा दिसतायत त्यात."

"तुझ्या मामाच्या वेळी शेवाळ दिसायचं," म्हणाले आणि बऱ्याच दिवसांनी हसले. मला उगाचच बरं वाटलं.

वृश्चिक ८

ग्रहणांची यादी कोरतोय. आज तीन ग्रहणं गाळायला सांगितली. ही तिन्ही सूर्य मावळल्या मावळल्या लागली होती आणि तिन्ही जुन्या गणिताशी तंतोतंत जुळली होती. बाकी सगळा चंद्र मागे पडतोय आणि ही तीनच कशी वेळेवर? तिरुमेनींचं म्हणणं, क्षितिजावर धूसर असणार, आम्ही कड लागण्याआधीच लागली असं धरलं असणार. मला तर त्या तिन्ही संध्याकाळी आकाश स्वच्छ आठवतं. पण माझ्या आठवणीवर कोणी ग्रंथ रचत नाही. गाळली.

वृश्चिक १४

इरवी मारार आला होता. देवळातला ढोल त्याचा, आणि दिवसाच्या घटिका मोजून पूजेच्या वेळी तो वाजवायचा हे कामही त्याचंच. त्याचं पात्र म्हणजे बुडाला भोक पाडलेली जुनी करवंटी. ती काल हातातून पडून फुटली. परवा एकादशी, हत्ती येणार, गर्दी होणार.

"एक दिवस तुमचं पात्र द्या, वारियर. नवी करवंटी भोक पाडून बेतायला चार दिवस जातात."

"ते ग्रहणाशिवाय बाहेर येत नाही."

"माझा देव तुमच्या राहूपेक्षा कमी आहे का?"

आतून तिरुमेनींनी ऐकलं. म्हणाले, देवाचं काम आहे, दे. मी मुकाट्याने दिलं. त्याला चिंच लावू नकोस, तेल लावू नकोस, सुपारीच्या हाताने धरू नकोस, असं दहादा बजावलं. तो म्हणाला, "पोरगी सासरी पाठवताना माणूस एवढं सांगत नाही."

वृश्चिक १६, एकादशी

काय तमाशा झाला! मारारने सूर्योदयापासून माझ्या पात्राने मोजायला सुरुवात केली. सध्या सूर्योदयापासून मध्यान्हापर्यंत साडेचौदा घटिका होतात. साडेचौदा भरल्या म्हणून त्याने मध्यान्हपूजेचा ढोल बडवला, आणि ध्वजस्तंभाची सावली दुपारच्या दगडी रेघेपासून हातभर लांब! पायस चुलीवर कच्चा, हत्ती अजून नदीत, पुजारी नहात होता तो ओल्या पंचानिशी धावत आला. त्याने मारारला शेकडो लोकांसमोर विचारलं, "सूर्याला झोप लागली, की तुला?"

दुपारी मारार पात्र परत द्यायला आला तो रागातच.

"तुमचं भांडं पळतंय."

"तोंड सांभाळ. या पात्राने चंद्र मोजलाय."

"मग चंद्राला विचारा! मी एकही घटिका चुकलो नाही. दर घटिकेला एक कवडी बाजूला टाकत होतो. माझी करवंटी शेवाळलेली होती, पण तीस वर्षांत तिने मला असं उघडं पाडलं नाही."

"ताडी प्यायला असशील."

"एकादशीला?"

दोघंही फार बोललो. तो माझा लहानपणापासूनचा मित्र आहे. आता बोलणार नाही बहुतेक. नाही तर नाही. पात्राच्या तळाला त्याच्या बोटांचे डाग होते, ते चिंचेने काढले.

वृश्चिक १८

तिरुमेनी दुपारी झोपले होते. सहज म्हणून इल्लमच्या अंगणात शंकू, म्हणजे सावली मोजायची काठी, उभा केला. सावली दुपारच्या रेघेवर आली तेव्हा पात्र पाण्यावर सोडलं. बुडालं की काढायचं, कवडी टाकायची, पुन्हा सोडायचं. सूर्य मावळेपर्यंत साडेचौदा व्हायला हव्यात.

पंधरा घटिका आणि चाळीस पळं झाली.

पाणी गरम असेल. उन्हातलं होतं.

वृश्चिक १९

विहिरीचं गार पाणी घेतलं, सावलीत. पंधरा घटिका चाळीस पळं.

वृश्चिक २१

मोठा हंडा घेतला. वारा लागू नये म्हणून भोवती केळीची पानं बांधली. ओप्पोळ म्हणाली, काय बाळंतिणीची खोली करतोयस? पंधरा घटिका, एकोणचाळीस पळं.

एवढं मोजून झाल्यावर आकडा आपोआप मांडला जातो. बावीस वर्षांची सवय. साडेचौदाला जर सत्तर पळं जास्त, तर आठ घटिकांना किती? मी मांडलं. पुन्हा मांडलं. अडतीस.

चंद्र मागे पडलेला नाही. भोक मोठं झालंय, म्हणून पात्र लवकर बुडतंय, म्हणून घटिका जास्त भरतायत. आणि ती तीन संध्याकाळची ग्रहणं! सूर्य मावळल्या मावळल्या लागली, पात्राला पळायला वेळच मिळाला नाही, म्हणून ती बरोबर होती. तीच आम्ही गाळली.

मामा पात्र नुसतं बुचकळायचा.

हात धुतले तरी चिंचेचा वास जात नाहीये.

वृश्चिक २९

काही लिहिलं नाही आठवडाभर. रोज इल्लमला जातो, तिरुमेनी सांगतात ते कोरतो. खोटे आकडे सुबक अक्षरात. काल त्यांनी विचारलं, किती पानं राहिली? म्हटलं, चाळीसेक. म्हणाले, "लवकर कर रे. तुझ्या हाताला वेग नाही, माझ्या छातीला वेळ नाही."

रात्री जेवण जात नाही. ओप्पोळने आज खोदून खोदून विचारलं, तेव्हा तिला सांगून टाकलं. ती बराच वेळ माळेतल्या दोऱ्याला गाठ मारत राहिली.

"कोणाला माहीत आहे?"

"तुला आणि मला."

"मग तिथेच राहू दे. म्हातारा दोन महिन्यांचा सोबती. सुखाने जाऊ दे त्याला."

"आणि लोकांची श्राद्धं? चुकीच्या तिथीला?"

"पितर तेवढे समजूतदार असतात. शूला, तो पुलिमुखचा भट्टतिरी काय करेल ठाऊक आहे? वारियराने नंपूतिरीच्या चाळीस वर्षांची माती केली, असं गावोगाव सांगत सुटेल. इल्लम बंद, देऊळ बंद. माळासुद्धा ओवू देणार नाहीत आपल्याला."

ती खोटं बोलत नव्हती. मला भीती वाटते. या वयात दुसरं काय करू? मला घटिका मोजण्याशिवाय काही येत नाही, आणि तेही येत नव्हतं असं आता निघालं.

धनू ६

मारारशी बोललो. त्याच्या ढोलाजवळ जाऊन बसलो. तो ढोलाच्या दोऱ्या आवळत होता, वर बघेना.

"भांडं पळत होतं," मी म्हटलं.

"माहीत आहे."

"ताडीचं बोललो ते..."

"ते जाऊ द्या. पुजाऱ्याने मला सगळ्या गावासमोर सोललं, त्याचं काय?" मग त्याने माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि दोऱ्या खाली ठेवल्या. ढोल वाजवणाऱ्याला हिशेब लवकर कळतो. "अरे देवा," म्हणाला, "चंद्राचं सगळं त्याच भांड्याने..."

"हो."

त्याने मला सुपारी कातरून दिली. मी खात नाही हे त्याला माहीत आहे.

धनू १९

सांगितलं.

ठरवून नाही सांगितलं. शेवटची सात पानं उरली होती. तिरुमेनी म्हणाले, शेवटच्या पानावर तुझंही नाव घालू, पात्र धरणारा शूलपाणी वारियर. त्यावर मला पुढे लेखणीच धरवेना.

"तिरुमेनी, पात्र पळतंय."

"म्हणजे?"

"साडेचौदा घटिकांना पंधरा घटिका चाळीस दाखवतंय. शंकूच्या सावलीवरून तीन वेळा मोजलं."

बोटं मांडीवर हलायला लागली. कवड्या मांडून गणित करायची त्यांची सवय. कवड्या समोर नसल्या तरी बोटं चालतात. अंगणात कोणीतरी भात कांडत होतं.

"आठाला अडतीस," ते म्हणाले.

"हो."

"अडतीसच्या अडतीस."

"हो."

"म्हणजे चंद्र होता तिथेच आहे." मग खोकल्याची मोठी उबळ आली. मी पाणी दिलं. प्याले. "भोक कशाने साफ करायचास?"

"काथ्याने. वाळू लावून."

"दर ग्रहणाला?"

"आधी एकदा, नंतर एकदा."

"आणि तुझा मामा नुसता बुचकळायचा." त्यांनी पाठ भिंतीला टेकली. "आणि त्यावरून मी त्याला सगळ्यांसमोर बोललो होतो. पुढच्या माणसाने पात्र लख्ख ठेवलं पाहिजे, असंही म्हटलं होतं."

ते मला आठवत होतं. मी तेव्हा पंचवीस वर्षांचा होतो आणि दाराशी उभा राहून ऐकत होतो.

"चूक माझी आहे," मी म्हटलं. "सभेत मी उभा राहून सांगतो."

"घरी जा, वारियरा. आज पुढचं नको."

धनू २८

नऊ दिवस बोलावणं नाही. रोज सकाळी इल्लमच्या फाटकापर्यंत जातो. नोकर म्हणतो, आज नको म्हणालेत. ते जेवत नाहीत असं ऐकलं. मला त्यांनी जन्माचं टाकलं असणार. टाकणारच. त्यांच्या जागी मी असतो तर नदीत ढकललं असतं.

मकर ५

बोलावलं. शिव्या खायची तयारी करून गेलो. ते भिंतीकडे तोंड करून पडले होते, अंगात काही उरलेलं नाही. म्हणाले, सभेला मेण्यातून जाणार, ग्रंथ बासनात बांधून घे.

"आणि पात्र?"

"पात्र आणू नकोस."

एवढंच. बावीस वर्षांच्या सोबतीला शिवीसुद्धा नाही. शिवी दिली असती तर बरं झालं असतं.

मकर १२

पाय दुखतायत, तरी आजच लिहून ठेवतो. उद्या मला याचं काहीतरी वेगळंच आठवेल.

सभा देवळाच्या मंडपात होती. तीसेक विद्वान होते. भट्टतिरी पुढे बसले होते, नवं धोतर नेसून. तिरुमेनींना दोघांनी धरून बसवलं. मी खांबाशी, बासन मांडीवर. मनात वाक्य जुळवून आलो होतो: दोष या हातांचा आहे. मध्येच कोणी पात्राचं नाव घेतलं की उठायचं.

तिरुमेनींनी मंगलाचरणही केलं नाही.

"हा ग्रंथ मी मागे घेतो. चंद्राची जुनी गती बरोबर आहे. तीच चालू ठेवा."

मंडपात कुजबुज सुरू झाली. कोणीतरी कारण विचारलं.

"माझे डोळे. अधू झाले होते. कड लागलेली मला उशिरा दिसायची. मी ती चंद्राची चाल समजलो."

मी उडालोच. डोळे? कड आम्ही दोघं बघायचो! मीच तर आधी ओरडायचो!

भट्टतिरी काही मूर्ख नाहीत. त्यांनी यादी मागवली, चाळली आणि गोड आवाजात म्हणाले, "तिरुमेनी, डोळे बारा वर्षांपासून अधू, हे सगळ्यांना ठाऊक आहे. पण फरक बावीस वर्षांचा दिसतो. बावीस वर्षांपूर्वी काय बदललं?"

बरोबर तिथेच बोट ठेवलं. मी उठायला लागलो. तोंड उघडलं होतं.

"वारियरा," तिरुमेनी म्हणाले, आणि तो आवाज मी कित्येक वर्षांत ऐकला नव्हता, "पाणी. विहिरीचं. ताजं काढून आण."

तांब्या समोर भरलेला होता! तरी गेलो. ते सांगतात तेव्हा पाय आपोआप जातात. विहीर देवळाच्या पार मागे. परत आलो तोवर लोक उठायला लागले होते. मारार पायरीशी होता, त्याने सांगितलं. तिरुमेनी म्हणाले होते की डोळे बावीस वर्षांपासूनच अधू होते. सांगायची लाज वाटली, म्हणून दहा वर्षं लपवून ठेवलं. भट्टतिरींनी मान डोलावली आणि म्हणाले, गर्व माणसाला आंधळा करतो हेच खरं. काही जण हसलेही.

मला आग लागलीय. एवढा मोठा माणूस घरगड्यासारखं मला पाण्याला पिटाळतो, ते नेमकं मी खरं सांगणार तेव्हा. माझ्या चुकीलासुद्धा माझी म्हणायला तयार नाही. मी इतका क्षुद्र? परतताना मेण्यासोबत चाललो, पण एक शब्द बोललो नाही.

घरी ओप्पोळला सगळं सांगितलं, हातवारे करून. ती कंजी वाढत होती, पळी तशीच धरून उभी राहिली.

"बावीस वर्षं त्या माणसाजवळ बसलास तू?"

"हो. का?"

"काही नाही. जेव." आणि आत जाऊन तिने डोळे पुसले. का ते सांगायला तयार नाही.

मकर १५

आज सांगणारच, असं ठरवून गेलो. इथून पुढे मला बोलावू नका, मी देवळात फुलं खुडीन.

तिरुमेनी उशीला टेकून बसले होते. आवाज इतका बारीक की कान जवळ न्यावा लागला. माझ्या पायांच्या आवाजावरून ओळखलं.

"आलास? पान घे. लिही."

सवयीने पान घेतलं. त्यांनी सांगितलं: ग्रहणाआधीच्या दिवशी, मध्यान्हापासून सूर्यास्तापर्यंत, शंकूच्या सावलीवरून घटिकापात्राची पारख करावी. फरक निघाल्यास त्याच प्रमाणात वजा करावा. पारख केल्याशिवाय एकही ग्रहण मोजू नये.

"पुढे?"

"झालं. एक्केचाळीस वर्षांतलं एवढंच ठेवण्यासारखं आहे. बाकीचं बासन नीळेत सोडून दे."

पान माझ्या मांडीवर होतं. मी म्हटलं, आणि आवाज चढलाच, "सभेत डोळ्यांचं का सांगितलंत? आपले डोळे चांगले होते. तेव्हा मला न दिसणाऱ्या चांदण्या आपल्याला दिसायच्या. आंधळा, गर्विष्ठ असं ऐकून घेतलंत. आणि मी सांगणार होतो तर मला पाण्याला पाठवलंत!"

ते श्वास जमवत राहिले. मग म्हणाले, "डोळे माझे होते, वारियरा. त्यांना आता कुठे कामाला जायचंय? कोणी काही म्हटलं तर त्यांचं काय बिघडतं? तुझ्या हातांना अजून वीस वर्षं पात्र धरायचंय. मंडपात तुझं नाव निघालं असतं तर या नदीवर कोणी तुझ्या हातात पाण्याचा तांब्यासुद्धा दिला नसता."

तीन दिवस मी या माणसाला मनातल्या मनात काय काय म्हणत होतो. मी रडायला लागलो. त्यांना दिसत नाही, म्हणून आवाज न करता, मान खाली घालून रडलो. बराच वेळ.

"पुरे," ते म्हणाले. "पान भिजलं की लेखणी घसरते. लिही. नवं पात्र करवून घ्यायचं. पुढचं ग्रहण मिथुनात आहे, सूर्यास्तानंतर अकरा घटिकांनी. मी नसेन. तू मोज, आणि जुन्या गणिताशी पडताळून बघ."

मी पान पंचाने पुसलं आणि ते सांगत होते तसं लिहून घेतलं.